भिंतीला तिकीट नसते

१९७२ साली लॉस एंजेलिसच्या कौंटी कलासंग्रहालयात हॅरी गॅम्बोआ या तरुणाने विचारले, इथे चिकानोंची चित्रे का नाहीत? चिकानो म्हणजे अमेरिकेतले मेक्सिकन वंशाचे लोक. हिणवण्यासाठी वापरले जाणारे हे नाव त्यांनी अभिमानाने धारण केले. हे लोक कला निर्माण करीत नाहीत, टोळ्यांत जातात, अशा अर्थाचे उत्तर मिळाले, असे गॅम्बोआ सांगतो. मग तो आणि त्याचे मित्र ग्रॉंक व विली हेरॉन रात्री परत आले आणि संग्रहालयावरच रंगाच्या फवाऱ्याने आपली नावे लिहून गेले. आत घेत नाही ना, मग ही इमारतच आमचे चित्र! लगेच त्यावर रंग फिरवण्यात आला.

कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा वाद आपण फडके-खांडेकरांपासून चघळत आलो आहोत. आम्हाला त्याहून साधा प्रश्न पडतो. कला ठेवली आहे कुठे, आणि तिच्या दारात पहारा कुणाचा?

सॅन डिएगोच्या बॅरिओ लोगन वस्तीचे पाहा. आधी महामार्गाने वस्ती चिरली. १९६९ साली कोरोनाडो पूल खुला झाला, तेव्हा घरांच्या जागी त्याचे खांब उभे होते. खालची मोकळी जागा बागेसाठी मिळेल, ही लोकांची आशा. २२ एप्रिल १९७० रोजी बुलडोझर आले ते महामार्ग पोलिसांचे ठाणे बांधायला. बायका, विद्यार्थी, पोरेसोरे आडवी आली. बारा दिवस जागा सोडली नाही. बाग मिळवली, आणि १९७३ पासून त्याच खांबांवर चित्रे चढू लागली. ज्या सिमेंटने घरे गिळली, त्याच्यावरच!

यावर आमचे विद्वान म्हणतील, ही कला नव्हे, प्रचार. काही चित्रे भडक आहेत, काही कच्ची, हे आम्हीही मान्य करतो. पण ज्युडिथ बाका यांनी १९७६ पासून चारशेहून अधिक पोरापोरींना घेऊन पूरनियंत्रणाच्या कालव्यात २,७५४ फूट लांब भिंत रंगवली. त्यांतली कित्येक पोरे पोलिसांच्या दप्तरी नोंदलेली. त्यांनी रंगवले काय? मेक्सिकनांची हकालपट्टी, युद्धकाळात छावण्यांत डांबलेले जपानी अमेरिकन, चावेझ रव्हीनमधून उठवलेली कुटुंबे. आपली व्यथा रंगवता रंगवता शेजाऱ्याचीही रंगवणे, याला कुणी खुशाल प्रचार म्हणावे.

भिंतीचे मोल समीक्षकांआधी सत्तेला कळते. सिकेरॉस या मेक्सिकन चित्रकाराने १९३२ साली लॉस एंजेलिसच्या ओल्वेरा रस्त्यावर गरुडाखाली क्रुसावर चढवलेला आदिवासी रंगवला. अपेक्षा सुंदर, हिरव्यागार अमेरिकेची होती. लवकरच पांढरा रंग बसला. पुढे तोच रंग झिजून चित्र पुन्हा डोकावू लागले. लोकांसाठी ते खुले व्हायला मात्र २०१२ उजाडले.

त्याच शहराने २००२ साली जाहिरातफलकांच्या कज्ज्यापायी खासगी इमारतींवरच्या नव्या भित्तिचित्रांवर बंदी घातली. ती उठली २०१३ साली. जाहिरात कुठली आणि चित्र कुठले, हे ओळखायला कायद्याला अकरा वर्षे लागली.