ओझुना की येलिच? एका अदलाबदलीचा ताळेबंद

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत जवळ आली, की संघ व्यवस्थापनांपुढे एकच पेच उभा राहतो. सध्या बहरात असलेला खेळाडू घ्यायचा, की दीर्घकाळ हाती राहणारा? या पेचाचे उत्तर शोधताना २०१७ च्या अखेरचा व्यवहार आजही बोलका ठरतो.

मायामी मार्लिन्सच्या नव्या मालकांनी तेव्हा खर्चकपातीसाठी आउटफिल्डर्सची, म्हणजे सीमेलगतच्या क्षेत्ररक्षकांची, अख्खी फळीच विकायला काढली. जियानकार्लो स्टँटनने सेंट लुईस कार्डिनल्सकडे जाण्यास नकार देऊन न्यूयॉर्क यांकीजची वाट धरली. उरले मार्सेल ओझुना आणि ख्रिश्चन येलिच.

कागदावर ओझुनाचे पारडे जड होते. २०१७ च्या हंगामात त्याने .३१२ च्या सरासरीने ३७ होमरन ठोकले आणि क्षेत्ररक्षणाचा 'गोल्ड ग्लव्ह'ही पटकावला. येलिचची सरासरी .२८२, तर होमरन अवघे १८. मात्र ओझुना दोनच हंगामांनंतर करारमुक्त होणार होता. वर्षाने लहान असलेल्या येलिचला मात्र आधीच्या स्वस्त करारामुळे २०२२ पर्यंत राखणे शक्य होते.

कार्डिनल्सनी डिसेंबर २०१७ मध्ये चार तरुण खेळाडू देऊन ओझुनाला घेतले. मिलवॉकी ब्रुअर्सनीही जानेवारी २०१८ मध्ये चौघांच्याच मोबदल्यात येलिचला आणले. त्याच वर्षी येलिचने .३२६ ची सरासरी व ३६ होमरनसह नॅशनल लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब जिंकला आणि ब्रुअर्स वर्ल्ड सीरिजपासून एका विजयावर येऊन थांबले. खांद्याच्या दुखण्याने बेजार ओझुना २३ होमरनवर अडला आणि २०१९ नंतर निघूनही गेला. कार्डिनल्सनी दिलेल्या चौघांपैकी पिचर सँडी अल्कांटाराने २०२२ मध्ये मायामीकडून सर्वोत्तम पिचरचा 'साय यंग' पुरस्कार मिळविला. ब्रुअर्सनी दिलेल्यांपैकी एकालाही मायामीत जम बसविता आला नाही.

ओझुना सामान्य खेळाडू होता, असे नव्हे. अटलांटा ब्रेव्हजकडून त्याने २०२३ मध्ये ४० होमरन फटकावले. येलिचची झेपही कोणाला आधी दिसली नव्हती. पण कराराची वर्षे तर सर्वांसमोर होती. गेल्या हंगामाचे आकडे डोळे दिपवितात, त्यामुळे मोजलेली किंमत आणि हाती येणारा काळ यांचा हिशेब मागे पडतो. कार्डिनल्सना त्याचेच मोल मोजावे लागले.