सहावा टप्पा आणि ठप्प झालेला कॅनडा

आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांतली मुले कॅनडात आहेत. ८ जुलै २०२२ च्या शुक्रवारी त्यांचे फोन लागेनात, हे काहींना आठवत असेल. रॉजर्स कंपनीचे मोबाइल आणि इंटरनेट पहाटे एकदम बंद पडले. १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहक, देशभर न चालणारी डेबिट कार्डे, ९११ या आपत्कालीन क्रमांकाला न लागणारे फोन! सगळे मिळून सुमारे २६ तास.

हा सायबर हल्ला नव्हता. नियामकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या अहवालाचा सारांश २०२४ मध्ये आला, तो मी दोनदा वाचला. जाळ्याच्या सुधारणेचे सात टप्पे होते. सहाव्यात एका राउटरवरची गाळणी काढली गेली. कोणत्या मार्गांची माहिती पुढे जाऊ द्यायची, हे ती गाळणी ठरवत असे. ती जाताच सगळी माहिती मुख्य राउटरांवर लोटली. त्यांच्यावर भाराची मर्यादा घातलेली नव्हती. काही मिनिटांत ते कोसळले.

मला खटकले ते वेगळेच. हे काम सुरुवातीला ‘जास्त जोखीम’ म्हणून नोंदले होते. आधीचे टप्पे सुरळीत झाले म्हणून संगणकीय पद्धतीने ते ‘कमी जोखीम’ ठरले, आणि मग प्रयोगशाळेतली चाचणी, वरिष्ठांची जादा मंजुरी यांची गरजच उरली नाही. पाच हप्ते वेळेवर आले म्हणून गोदाम न बघता कर्जमर्यादा वाढवण्यासारखेच हे! आमच्याकडे अशी नोट कोणी मांडली असती तर ऑडिटरने सोडले नसते.

शिवाय दुरुस्तीची वाट त्याच जाळ्यातून जाणारी. कर्मचाऱ्यांचे स्वतःचे फोनही बंद, त्यामुळे मूळ कारण सापडायला १४ तास लागले. तिजोरीच्या दुसऱ्या चाव्या आम्ही दुसऱ्या शाखेत ठेवत असू, त्या कशासाठी?

अशी चाचणी अशक्य नाही. राउटरांची मांडणी वाचून, बदलानंतर कोणती माहिती कुठे जाईल हे आधीच दाखवणारी सॉफ्टवेअर आहेत. काही राउटरांवर तर केलेला बदल ठरलेल्या मिनिटांत पक्का केला नाही, तर तो आपोआप मागे फिरतो. रॉजर्सने पुढे मोबाइल आणि घरगुती इंटरनेटचे गाभे वेगळे करायचे ठरवले. ते चांगलेच, पण खर्चाचे काम. जोखमीचा शेरा बदलण्याआधी एका माणसाची सही घ्यायला मात्र फारसा खर्च येत नाही.