विश्लेषण : परसातल्या बदकांभोवतीची जाळी अपुरी का ठरते?

परसातल्या कोंबड्या-बदकांवर मुंगूस, रानमांजर, भटकी कुत्री यांचा डोळा पूर्वीपासूनच आहे. पुणे, अहिल्यानगर, नाशिकच्या ऊस पट्ट्यात त्यात बिबट्याचीही भर पडली आहे. जाळी मारूनही सकाळी अंगणात पिसेच उरतात. हे कुंपण नेमके कुठे फसते आणि ते भक्कम कसे करता येईल, याविषयी…

हा प्रश्न केवळ पक्ष्यांचा आहे का?

विसाव्या पशुगणनेनुसार (२०१९) देशात परसातील कुक्कुटपक्ष्यांची संख्या ३१.७ कोटींवर गेली. २०१२ च्या तुलनेत ही वाढ सुमारे ४६ टक्के होती. अल्पभूधारक कुटुंबांत अंडी म्हणजे घरखर्चाला हाताशी येणारे पैसे. एका रात्रीत दहा बदके गेली की तेही थांबतात.

दुसरा मुद्दा माणसांच्या सुरक्षेचा आहे. अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेवरून झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्या आहारात पाळीव प्राण्यांचा वाटा ८७ टक्के आढळला. त्यातही एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. घराजवळ सहज मिळणारे भक्ष्य बिबट्याला वस्तीकडे खेचते, असा त्याचा अर्थ. त्यामुळे उघडे खुराडे हा शेजाऱ्यांसाठीही धोका आहे.

बदकांना धोका जास्त का?

कोंबडी अंधार पडताच उंच जागी बसते. बहुतेक पाळीव बदके आणि हंस मात्र जमिनीवरच झोपतात. पाणी जवळ असेल तर बदके संध्याकाळी आपणहून खुराड्यात परततीलच असे नाही. त्यांना हाकून आत घालण्याची सवय लावावी लागते. हंस अनोळखी चाहूल लागताच गोंगाट करतात. त्याने मालकाला जाग येते, पण कुत्र्यांची टोळी मागे हटेलच असे नाही.

साधी कोंबडी जाळी कुठे फसते?

षटकोनी छिद्रांची पातळ कोंबडी जाळी पक्ष्यांना आत ठेवण्यासाठी असते, शिकाऱ्याला बाहेर ठेवण्यासाठी नव्हे. कुत्रा ती दाताने ओढून फाडतो. छिद्र मोठे असेल तर रानमांजर पंजा घालून पक्षी ओढते, उंदीर-घुशी आणि लहान साप आत शिरतात. म्हणून रात्रीच्या निवाऱ्याला अर्ध्या इंचाच्या छिद्रांची वेल्डेड जाळी लावावी. ती केवळ खिळ्यांनी न ठोकता वॉशर आणि स्क्रूने आवळावी. बहुतेक वेळा जाळी तुटत नाही, ती चौकटीपासून सुटते.

खालून आणि वरून काय करावे?

उकरणारा प्राणी भिंतीच्या अगदी पायथ्याशी उकरतो. त्यामुळे जाळी फूटभर खोल पुरावी. कोकणात जांभा खणणे अवघड असेल, तर दीड-दोन फूट रुंद पट्टी बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसरून त्यावर माती-दगड टाकावेत. उकरताना मध्येच जाळी लागली की प्राणी सहसा नाद सोडतो. कांडेचोर चढून येतो, म्हणून रात्रीचा निवारा वरूनही बंद हवा. दाराला एकाऐवजी दोन कड्या असाव्यात.

बिबट्यासाठी जाळी पुरेशी आहे का?

नाही. तिथे विटांची किंवा चिऱ्यांची भिंत, पक्के छत आणि लोखंडी दार हाच उपाय. हवेसाठी झरोके वर ठेवावेत आणि त्यांना गज बसवावेत. कुंपणात थेट घरगुती वीज सोडणे जीवघेणे आहे आणि गुन्हाही. सौर कुंपणाचे यंत्र क्षणिक झटके देते, थेट वीज तसे करत नाही. विष किंवा फासे लावणेही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अंगाशी येऊ शकते. मुंगूस आणि रानमांजरालाही या कायद्याचे संरक्षण आहे.

छताचा आणखी एक फायदा कोणता?

देशातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला. जंगली पाणपक्ष्यांच्या विष्ठेतून हा विषाणू पसरू शकतो, आणि बाधित बदक वरकरणी ठणठणीत दिसू शकते. जाळीच्या छतातून विष्ठा खाली पडते, पत्र्याच्या छतातून नाही. त्यामुळे खाद्य-पाण्याची भांडी तरी पत्र्याखाली ठेवावीत.

पैसे कमी असतील तर आधी काय करावे?

संपूर्ण परसाला उंच कुंपण घालण्याच्या फंदात पडू नये. कुंपणाची ताकद त्याच्या सर्वात कच्च्या जागेइतकीच असते, आणि लांबी वाढली की कच्च्या जागाही वाढतात. त्याऐवजी प्रत्येक बदकामागे सुमारे चार चौरस फूट जागा धरून छोटा, भक्कम निवारा आधी उभारावा. दिवसा साधे कुंपण चालेल. मात्र मुंगूस, घार आणि कावळे दिवसाच येतात. त्यामुळे पिल्ले मोठी होईपर्यंत वरून झाकलेल्या जागेतच हवीत. बदके बहुधा पहाटे अंडी घालतात. सकाळी आठ-नऊपर्यंत त्यांना आतच ठेवले, तर पक्ष्यांबरोबर अंडीही हाती राहतात.