विजयदुर्गचे खलाशी आणि पेन्सिल

गगनबावड्याचा घाट उतरून विजयदुर्गला गेलेल्यांनी किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे' पाहिले असतीलच. १८६८ च्या ग्रहणात हेलियमचा शोध इथेच लागला, असं तिथे छातीठोकपणे सांगतात. तर मंडळी, तसं नाहीये. त्या वर्षी नॉर्मन लॉकियर भारतात आलाच नव्हता. त्याने ती पिवळी रेषा इंग्लंडमधूनच पाहिली, तीही ग्रहणाशिवाय. विजयदुर्गला तो आला २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला.

पण माझ्या मते खरी गोष्ट दंतकथेपेक्षा भारी आहे!

लॉकियरच्या मदतीला 'मेल्पोमिनी' ही युद्धनौका होती. त्याने जहाजावरच्या लोकांच्या तुकड्या पाडल्या. काहींनी यंत्रं सांभाळायची आणि काहींनी चक्क पेन्सिलीने करोनाचं, म्हणजे सूर्याभोवतीच्या प्रभामंडळाचं चित्र काढायचं. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची, म्हणून आधी तालमीही झाल्या.

कॅमेरे होते, मग चित्रं कशाला? कारण करोना सूर्याजवळ झगझगीत असतो आणि बाहेर अगदी फिका. बाहेरचं टिपायला जावं तर आतलं पांढरंफटक, आणि आतलं नीट यावं तर बाहेरचं गायब. आज आपला मोबाइल दोन-तीन फोटो एकत्र करून हा प्रश्न सोडवतो. तेव्हा ते काम डोळा करायचा. काहींच्या समोर तर चकती लावलेली असे. आतला झगझगाट झाकला की बाहेरचे फिके झोत दिसायचे.

हात चुकतो, हे मान्य. १८७७ मध्ये शियापारेल्लीने मंगळावर रेषा काढल्या आणि पुढे लॉवेलने त्यांचे कालवे केले. पण ते कालवे खोडले कुणी? १९०९ मध्ये अँटोनियाडीने मोठ्या दुर्बिणीतून पुन्हा चित्रंच काढली, आणि रेषांच्या जागी सुटे डाग निघाले. म्हणजे उपाय एकच: जास्त लोकांनी, जास्त वेळा, जे दिसतं तेवढंच काढायचं. थोडक्यात, आपल्या भाषेत कोड रिव्ह्यू.

आणि हे सगळं जुनंपानं समजू नका. कोडाईकनालला १९०४ पासून सूर्यडागांचे तक्ते हाताने काढले गेले. आता त्यांचं डिजिटायझेशन करून शंभरहून जास्त वर्षांचा डेटा मिळतोय.

आपण मात्र ग्रहण लागलं की आधी मोबाइल वर करतो. फोटो निघतो, पाहायचं राहून जातं. चित्र काढताना प्रत्येक रेघेला स्वतःला विचारावं लागतं, 'हे खरंच दिसतंय का?' मला वाटतं, विज्ञान तिथूनच सुरू होतं.

एक करा. येत्या अष्टमीला राजाराम बंधाऱ्यावर किंवा आपल्या गच्चीवर जा आणि अर्ध्या चंद्राची उजेड-अंधाराची कड वहीत काढा. चित्रकला कच्ची असली तरी चालेल... खलाशांची तरी कुठे पक्की होती?