एकादशीचे मासे

मासेमारीसाठीची जेवढी अ‍ॅप्स मी आजवर मोबाईलवर टाकली आणि काढली, त्या बहुतेकांत एक आकडा भल्या मोठ्या अक्षरात असतो. आज ८३ टक्के. उद्या ४१ टक्के. शेजारी हिरवा मासा नाहीतर लाल मासा. (लाल मासा म्हणजे तांबोशी मिळेल असं नव्हे, घरी बसा असं.) शनिवारी पहाटे गरी घेऊन खाडीवर जाणाऱ्या माझ्यासारख्या नोकरदार माणसाला हा आकडा फार सोयीचा वाटतो. पाच दिवस ऑफिसात डॅशबोर्ड बघून डोक्याला तशी सवयच लागलेली असते, नाही का?

माझं मत विचाराल तर हा आकडा काढून टाकावा. भरतीचा तक्ता ठेवा, वारा ठेवा, लाटांची उंची ठेवा, चंद्रही ठेवा, पण या चौघांची भेळ करून टक्केवारी देऊ नका. निदान आपल्या किनाऱ्यावर तरी नको. का ते सांगतो. थोडं गणित आहे, पण पाढे येत असले तरी पुरे.

सुरुवात भरतीपासून, कारण यातली सगळ्यात भरवशाची गोष्ट तीच. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या. चंद्रामुळे येणाऱ्या भरतीचं चक्र १२ तास २५ मिनिटांचं, सूर्यामुळे येणाऱ्याचं बरोबर १२ तासांचं. सूर्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी, साधारण ४६ टक्के. दोघं एका रेषेत आले की उधाण, काटकोनात आले की भांग. अशी अनेक चक्रं एकमेकांत मिसळून वर्षभराचा तक्ता आधीच काढता येतो. संगणक नव्हते तेव्हा हे काम दातेरी चाकं आणि कप्प्यांचं यंत्र करायचं. लॉर्ड केल्व्हिनने पहिलं यंत्र १८७२ साली करवून घेतलं आणि १८७९ मध्ये हिंदुस्थानातल्या बंदरांसाठी लंडनला खास वेगळं यंत्र बनलं. चाकांची बेरीज करून समुद्र सांगणारं यंत्र! आमच्या क्षेत्रातल्या कुणाही माणसाने त्याच्यापुढे टोपी काढावी. आजही सर्व्हे ऑफ इंडिया दर वर्षी भरतीचे तक्ते छापते.

पण किनाऱ्यावरच्या माणसाने यंत्राची वाट पाहिली नव्हती. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी म्हणजे चार गुणिले पाऊण, तीन वाजता. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. सकाळी आणि रात्री दोन्हीकडे तेच. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो आणि खाडीत आत शिरलात तर भरती आणखी उशिरा पोचते. दक्षिणेला मालवण-गोव्याकडे ती मुंबईच्या आधी येते, कारण आपल्याकडे भरती दक्षिणेकडून वर सरकते. पण तोंडी हिशेब म्हणून याला तोड नाही. एका ओळीचं फंक्शन, इनपुट एकच, बॅटरी लागत नाही.

आता या फंक्शनकडे जरा निरखून बघा. उधाण नेहमी अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, खरं तर एखाद-दोन दिवस नंतर. म्हणजे मुंबईच्या पट्ट्यात उधाणाची भरती नेहमी दुपारी बाराच्या आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे येणार. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला येणार ती ओहोटी. सकाळी सहाला पूर्ण भरती हवी असेल तर ती अष्टमीला, म्हणजे भांगाला, जेव्हा पाण्याला ओढच नसते. हा योगायोग नाही, या किनाऱ्याची रचनाच तशी आहे आणि ती वर्षानुवर्षं तशीच राहणार.

आणि इथेच बाहेरून आलेले नियम कोसळतात. परदेशी व्हिडिओत सांगतात: उधाणाचे दिवस पकडा, पहाट किंवा संध्याकाळ पकडा, भरतीची वेळ पकडा. तिन्ही जुळले की सोनं. अहो, रेवदंड्याच्या खाडीवर हे तिन्ही कधी जुळणारच नाहीत! त्यातले कोणतेही दोन घ्या, तिसरं हातचं जातं. अ‍ॅप मात्र तिघांना वेगवेगळे गुण देऊन बेरीज करतं, जणू तिघं एकमेकांना ओळखतच नाहीत.

चंद्राची गोष्ट तर याहून मजेशीर. बऱ्याच अ‍ॅप्सच्या पोटात जॉन आल्डेन नाइट या अमेरिकन माणसाचा 'सोल्युनर' सिद्धांत असतो, १९२० च्या दशकातला. चंद्र डोक्यावर किंवा बरोबर पायाखाली असताना मासे जास्त खातात हा मोठा काळ, आणि चंद्र उगवता-मावळताना छोटा काळ. आता मुंबईच्या पट्ट्यात भरती कधी येते? चंद्र डोक्यावर किंवा पायाखाली येण्याच्या तास-दीड तास आगेमागे. म्हणजे 'मोठा काळ' म्हणजे जवळजवळ आपली भरती आणि 'छोटा काळ' म्हणजे ओहोटी. अ‍ॅप सांगतं, भरतीही अनुकूल आणि चंद्रही अनुकूल. दोन साक्षीदार! साक्षीदार एकच, दोनदा शर्ट बदलून आलेला. डेटाबेसमध्ये एकच नोंद दोनदा मोजली तर आमचा टेस्टर बग टाकतो. इथे त्याला विज्ञान म्हणतात.

चंद्राचा भरतीपलीकडे एक परिणाम मी मानतो, तो उजेडाचा. चांदण्या रात्री पाण्यातले बारीक जीव वर यायला कचरतात, आणि त्यांच्यामागे येणारे मासेही. अंधाऱ्या रात्री जाळं माशाला कमी दिसतं. काळोखाचा हाच फायदा पुढे नेऊन समुद्रात एलईडी दिव्यांचा झगमगाट करणारे निघाले. त्यावर केंद्राने २०१७ साली बंदी घातली आणि योग्यच केलं. पण दिवसा गरी टाकणाऱ्याला रात्रीच्या चांदण्याचा हिशेब कितीसा लागू होणार? आणि पौर्णिमेची कुर्ली पोकळ, अमावास्येची भरलेली, हे प्रकरण कोकणात एवढं भावनिक आहे की मी त्यात पडत नाही.

हवामानात अ‍ॅपचं आवडतं खेळणं म्हणजे हवेचा दाब. दाब उतरतोय, मासे पिसाळणार! गोड्या पाण्याच्या थंड तळ्यांत काय होतं ते तिथले लोक जाणोत, पण आपल्याकडचं गणित बघा. एक मीटर पाणी म्हणजे साधारण १०० हेक्टोपास्कल दाब. उधाणाला आपल्याकडे पाणी साडेतीन-चार मीटर चढतं-उतरतं, म्हणजे तळाजवळच्या माशावर सहा तासांत साडेतीनशे-चारशेचा फरक पडतो. हवेच्या दाबात साध्या दिवशी फरक किती, तर तीन-चार. मासा वीतभर वर सरकला तरी त्याहून जास्त फरक होतो. शिवाय उष्ण प्रदेशात हा दाब रोजच सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. म्हणजे अ‍ॅपमधला 'दाब उतरतोय' हा बाण रोज दुपारी दिसणारच. रोज येणारी बातमी ही बातमी नसते हो.

हवामानातलं जे खरंच बघायचं ते वेगळं आहे. पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो तोवर पाणी शांत, दुपारी खारा वारा सुटला की गळ कुठे पडतोय ते कळत नाही. पहिल्या पावसानंतर खाडी गढूळ आणि गोडी होते, तेव्हा सगळं गणितच बदलतं. आणि लाटा. त्यांच्याकडे परत येतो.

त्याआधी एक प्रश्न, जो अ‍ॅप कधीच विचारत नाही: तुमच्या हातात काय आहे? वसई, अर्नाळा, वर्सोव्याची डोल जाळी बघा. समुद्रात रोवून ठेवलेली मोठी पिशवीच ती. पाणी जोरात वाहिलं तरच बोंबील-जवळा तिच्यात येणार. म्हणून डोलवाल्याला उधाण हवं, भांगाला त्याला फारसं काम नाही. मला मात्र उधाणाच्या मधल्या तासांत शिसं तळाला टिकवता येत नाही, दोरी धनुष्यासारखी वाकते आणि आमिष वाहून जातं. एकाचा ८३ टक्के तो दुसऱ्याचा २० टक्के. मग तो आकडा नक्की कुणाचा?

आता लाटा, आणि ज्यामुळे हा लेख लिहायला घेतला तो मुद्दा. सोल्युनरवाली अ‍ॅप्स सर्वांत जास्त गुण अमावास्या-पौर्णिमेला देतात. म्हणजे हिरवा मासा बघून माणसं खडकांवर जातात ती नेमकी उधाणाला. पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. ढोबळ नियम असा की एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, मग दोन, तीन, तीन, दोन, एक. चार मीटरचं उधाण असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात मीटर-मीटर पाणी. भांगाला एकूण चढच दीड मीटरच्या आसपास असतो. सकाळी सहाला ओहोटीत चालत ज्या खडकावर गेलात, त्याच्यामागची वाट आठ-नऊ वाजता कमरेएवढ्या पाण्यात असते, आणि तुमची पाठ तिकडे असते, कारण नजर दोरीवर. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाऊन अडकणारे पर्यटक याच हिशेबात सापडतात. त्यांना निदान किल्ला तरी आहे. खडकावरच्या माणसाला नाही.

यावर लाटा वेगळ्याच. एप्रिल-मे महिन्यात इथे वारा नाही, आभाळ स्वच्छ, आणि तरी दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळाने उठवलेल्या लांब लाटा हजारो किलोमीटर चालत आपल्या किनाऱ्यावर येतात. २०२४ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला अशाच लाटांचा इशारा दिला गेला होता. हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था असे इशारे देते, फुकट. भरतीच्या तक्त्यात हे काही नसतं, तक्ता फक्त चंद्र-सूर्याचं बोलतो. माझ्या मोबाईलमधल्या एका अ‍ॅपने एकदा अशा इशाऱ्याच्या दिवशी बाण्याने ९० च्या वर गुण दिले होते. चंद्र उत्तम, भरती उत्तम, दाब उत्तम. बेरजेचा हाच तर घोटाळा. चार गोष्टी उत्तम आणि पाचवी जीवघेणी असेल तर उत्तर ८० टक्के येत नाही, शून्य येतं. तिथे गुणाकार हवा. हे कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या पोरालाही कळतं, पण शून्य दाखवणारं अ‍ॅप कोण विकत घेणार?

तर मी काय करतो? आधी इन्कॉइसचा इशारा आणि वारा. त्यात गडबड असेल तर पुढचं वाचतच नाही. मग कालनिर्णय. गरीसाठी मला ओढ हवी पण बेताची, आणि भरतीचे शेवटचे दोन तास उजाडताना किंवा मावळताना यायला हवेत. पाऊणपट करून बघा: दशमीला भरती साडेसातला, एकादशीला सव्वाआठला, द्वादशीला नऊला. भांग नुकता संपलेला, पाण्याने पुन्हा जोर धरायला सुरुवात केलेली, सहा ते सव्वाआठ भरतं पाणी, आणि संध्याकाळीही तसंच. म्हणजे या किनाऱ्यावर गरीवाल्याचा उत्तम दिवस कोणता, तर एकादशी! आमच्या घरात या शोधाचं स्वागत कसं झालं असेल ते तुम्हीच ताडा. आईचं म्हणणं, मासे द्वादशीलाही असतीलच ना. गणिताने ते चूकही नाही.

वीकेंडवाल्यांची आणखी एक गंमत. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, त्याचा चौथा भाग सात दिवसांहून थोडासा मोठा. म्हणून या शनिवारी उधाण असेल तर पुढच्या शनिवारी भांग, त्याच्या पुढच्या शनिवारी परत उधाण. हे चक्र हळूहळू मागे सरकतं आणि साधारण दहा आठवड्यांनी असे शनिवार येऊ लागतात की एक चतुर्थीच्या आसपास, पुढचा एकादशीच्या आसपास. चतुर्थीचं पाणी दुपारी तीनला भरतं, म्हणजे पहाटेची झोप मोडायची गरज नाही, संध्याकाळी उतरत्या पाण्यावर शेंगाळे बघायचे. एकादशीचे शनिवार मी वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर पेन्सिलने गोल करून ठेवतो, आणि त्या दिवशी टीममधल्या कुणी रिलीज ठेवली तर मी आधीच सांगून टाकतो की मला उपास आहे.