सायकल चोरीला गेली? मग "हरवली" असं लिहून द्या!

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या कुठल्याही सायकलवाल्याला विचारून बघा, "सायकल चोरीला गेली तर पोलिसांत जाशील का?" तो आधी हसेल. मग म्हणेल, "सायकलसाठी? वेळ कुणाला आहे?" या हसण्यावर मला आज बोलायचं आहे, कारण त्यात पोलिसांवरचा अविश्वास अगदी मुरलेला आहे.

पोलीस ठाण्यात गेल्यावर काय होतं, हे गेलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. "कुलूप लावलं नव्हतं का?" "बिल आहे का?" "सीसीटीव्ही बघितलात का?" तासभर बाकड्यावर बसवल्यावर शेवटी तोडगा निघतो, "हरवली असं लिहून द्या, दाखला देतो." मलाही हेच सुचवलं गेलं. सायकल आमच्या इमारतीच्या जिन्याखालून गेली होती. जिन्याखाली उभी केलेली सायकल हरवते कशी, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

हा शब्दांचा खेळ वाटतो तितका साधा नाही. हरवल्याच्या दाखल्यावर चोर शोधला जात नाही आणि चोरीच्या आकड्यांत ती सायकल येत नाही. आकडा नाही म्हणजे प्रश्न नाही, आणि प्रश्न नाही म्हणजे त्यासाठी माणूसबळही नाही. स्टेशनबाहेर रेलिंगला लावलेली सायकल गेली तर आणखी एक मजा. शहर पोलीस म्हणणार रेल्वेची हद्द, लोहमार्ग पोलीस म्हणणार शहराची.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. कलम 303 प्रमाणे चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा. पण चोरलेली वस्तू पाच हजारांपेक्षा कमी किमतीची असेल तर गुन्हा अदखलपात्र. म्हणजे पोलीस फक्त एनसी घेणार आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास करू शकणार नाहीत. चाळीस हजारांची गिअरची सायकल गेली तर दखलपात्र गुन्हा. पहाटे पेपर टाकणाऱ्या पोराची, एमआयडीसीतल्या कामगाराची, रात्रपाळीच्या वॉचमनची अडीच हजारांची सेकंडहँड सायकल गेली तर वहीत एक ओळ. ज्याची सायकल गेल्यावर रोजीच अडते, त्याच्याच चोरीला कायद्याने किरकोळ ठरवलं!

पण त्याच कायद्यात आपल्या बाजूच्याही गोष्टी आहेत. माणसं राहतात त्या इमारतीत चोरी झाली तर कलम 305 लागतं. तिथे सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि पाच हजारांची अट नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्हा हद्दीबाहेर घडला असला तरी तक्रार घ्यावीच लागते आणि एफआयआरची प्रत फुकट द्यावी लागते. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात 2013 सालीच सांगून ठेवलंय. बिल नसेल तर तक्रार घेऊ नये, असं कुठेही लिहिलेलं नाही.

पोलिसांवर कामाचा बोजा आहे, हे मान्य. सायबर फसवणूक, सोनसाखळ्या, बंदोबस्त, सगळं त्यांच्याच डोक्यावर. पण मोबाईलचं उदाहरण घ्या. काही वर्षांपूर्वी मोबाईल गेला की आपण हात जोडायचो. मग संचार साथी पोर्टल आलं, आयएमईआय नंबरवरून फोन सापडू लागले, आणि आता पोलीस कार्यक्रम घेऊन फोन परत करतात, फोटो छापून येतात. लोकांचा विश्वास वाढला तो नंबरची नोंद होऊ लागल्यामुळे.

सायकललाही नंबर असतो. बहुतेक सायकलींवर तो पॅडल जिथे फ्रेमला जोडलेलं असतं त्या नळीच्या खाली कोरलेला असतो. जपानमध्ये सायकलची नोंदणी बंधनकारक आहे, पोलीस रस्त्यात सायकल थांबवून नंबर तपासतात. आपल्याकडेही सायकलला नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला असायचा, घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. बिल्ला गेला, त्याच्या जागी काहीच आलं नाही.

ठाणे, भिवंडी, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर हे सगळं एकाच आयुक्तालयात येतं. त्यामुळे मागणी एकाच दारात करायची आहे:

1. चोरीला "हरवली" लिहून घेणं बंद करा. एफआयआर किंवा एनसी, जे लागू असेल ते घ्या.
2. तक्रारीत फ्रेम नंबर लिहा आणि तो आयुक्तालयातल्या सगळ्या ठाण्यांत शोधता येईल असं करा.
3. सापडलेल्या बेवारस सायकलींचे फोटो नंबरासकट जाहीर करा. ठाण्याच्या आवारात गंजून त्यांचं भंगार होण्यापेक्षा ते बरं.

यासाठी ना नवा कायदा लागतो, ना कोटींचा निधी.

आणि मित्रहो, आपणही हसणं बंद करूया. आज संध्याकाळी सायकल उलटी करून नंबरचा फोटो काढा. चोरी झाली तर "चोरी" असंच लिहून द्या. ठाण्यात घेतलं नाही तर पोलीस उपायुक्तांना लेखी तक्रार पोस्टाने पाठवा, तिथेही दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. आणि तुमच्या इमारतीतल्या वॉचमनला, पेपरवाल्या पोराला एकट्याला पाठवू नका, सोबत जा. त्याला बाकड्यावरून हाकलणं सोपं असतं.

कुणाला "हरवली" लिहून द्यायला सांगितलं होतं, त्यांनी खाली कमेंटमध्ये लिहा. पोलिसांच्या वहीत नसलेला आकडा निदान आपल्याकडे तरी जमू दे.