फॉर्मवरचा तो रकाना



मागच्या महिन्यात आपल्याच भागातला एक पोट्टा वकिलीच्या सनदेचा फॉर्म घेऊन माझ्याकडे आला. सगळं भरून झालं होतं, एकच रकाना कोरा. तुमच्यावर गुन्हा दाखल झाला होता काय? सहा वर्षांआधी गोठ्यासाठी बांबू आणला म्हणून बीटगार्डानं त्याच्यावर पीओआर फाडला होता. बापानं पैसे भरून प्रकरण मिटवलं. पोट्टा विचारत होता, "नाही लिहून टाकू काय?"

नको लिहू. अधिवक्ता कायदा 1961, कलम 24-क वाचा. सनद अडते ती नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरून शिक्षा झाली तर. तीही आडकाठी सुटकेनंतर दोन वर्षांनी संपते. पण खोटं सांगून सनद घेतली तर कलम 26 प्रमाणे बार कौन्सिल ऑफ इंडिया नाव काढून टाकू शकते. म्हणजे बांबूनं जे बिघडत नाही, ते लपवण्यानं बिघडते.

नोकरीचंही तसंच. अवतार सिंग प्रकरणात 2016 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की लहान वयात घोषणा दिल्या किंवा किरकोळ गुन्हा असला, तर त्याकडे दुर्लक्ष करायची मुभा मालकाला आहे. मुभा आहे, सक्ती नाही, हेही ध्यानात ठेवा. मोर्च्यात गेलेल्या आपल्या पोरापोरींनी हे वाचावं. निवडणुकीला उभे राहणारे शपथपत्रात गुन्ह्यांची यादी देतात अन् निवडूनही येतात. लाज काय फक्त आपल्यालाच?

अन् कशाची लाज? वनहक्क कायदा 2006 नं बांबूला गौण वनोपज म्हटलं. 2011 मध्ये मेंढा (लेखा)च्या ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक पासचं पुस्तक आलं. रकान्यात गुन्हा लिहा, त्याखाली बांबू कशासाठी आणला अन् प्रकरण कसं मिटलं तेही लिहा. मात्र प्रश्न नीट वाचा. 'शिक्षा झाली काय', 'खटला चालू आहे काय' अन् 'गुन्हा दाखल झाला होता काय' हे तीन वेगळे प्रश्न आहेत. समजलं नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. अनुसूचित जमातीच्या माणसाला तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

खरी अडचण पावतीची आहे. वन कायद्याच्या कलम 68 खाली पैसे भरून प्रकरण मिटते, पण आपल्या कित्येक घरी त्याचा कागदच नाही. पैसे कुठं गेले, प्रकरण मिटलं की तसंच पडून आहे, कोणाला ठाऊक नाही. त्या पोट्ट्याच्या बापाजवळही पावती निघाली नाही. सोमवारी त्याचा माहिती अधिकाराचा अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात टाकतो आहोत. ज्यांच्या घरी असंच आहे, त्यांनी रविवारी संध्याकाळपर्यंत नाव अन् साल कळवा, सगळ्यांचे अर्ज सोबतच नेऊ.